एक हात साक्षीला

लग्नाच्या वयाची झाले तेव्हा मला जेवढी अक्कल होती तेवढी आमच्या खळ्यातल्या कोंबडीलाही होती. फरक इतकाच, की कोंबडीने कधी स्वतःच्या अंगाला ओल्या काजूचा चीक चोळून घेतला नाही. मी घेतला. दोन्ही दंडांना, खांद्यापासून कोपरापर्यंत, भर वैशाखात, आणि तेही मला बघायला पाहुणे यायच्या आठवड्यात.

कारण काय, तर माझे दंड लहानपणापासून खडबडीत. खाज नाही, दुखणं नाही, नुसते बारीक बारीक दाणे. हात फिरवला तर खसखस लावलेल्या अनारशावरून फिरवल्यासारखा वाटे. आई तेल लावताना म्हणायची, "काय गो ही किसणी!" तेवढ्यावर ते भागत होतं. पण मला बघायला पहिले पाहुणे आले ते कणकवलीहून, आणि त्यात मुलाची आत्या होती. "ये गो बाय, अशी लागी बस," म्हणत तिने माझा दंड धरला आणि निवडुंग हाताला लागावा तसा सोडून दिला. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जमत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

मग फोंडाघाटचं स्थळ आलं. घाटाखाली वडिलांचं किराणा दुकान, मुलगा शाळेत मास्तर. आईने देव पाण्यात ठेवायचे तेवढे बाकी राहिले होते. त्याच दिवसांत ओले काजूगर विकणारी बाई आमच्या दारात यायची. काजू सोलून सोलून तिची बोटं काळी पडलेली, सालं निघालेली. मी विचारलं, तर ती म्हणाली, "चिकान कातडी जळता गो. मगे सालां जातत आणि खाली नवी येता, तान्या पोराच्या गालासारखी."

ह्या वाक्यातला 'जळता' हा शब्द मी ऐकलाच नाही. मला नुसता तान्या पोराचा गाल ऐकू आला. दुपारी सगळी पडली होती तेव्हा कुंपणाच्या गडग्याशी टाकलेली काजूची ओली टरफलं गोळा केली, दगडाने चेचली, आणि गुळगुळीत व्हायला सुरुवात केली.

संध्याकाळपर्यंत मी माजघरात उड्या मारत होते. सकाळी दोन्ही दंडांवर फोड. आणि त्या फोडांवर वाकून बघत आमची घरमालकीण मला म्हणाली, "अगो, दोनय हात? एक तरी साक्षीक ठेवचो नाय?"

तिच्याबद्दलच लिहायला बसले आहे. चिकाचं आपलं ओघात आलं.

वडिलांची मालवणला बदली झाली तेव्हा आम्ही तिच्या घराच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरीच होता. घर नळ्यांच्या कौलांचं, पुढे पडवी, मागे विहीर, आणि परड्यात दोन माड जवळजवळ लावलेले. तिला सगळी आळी काकी म्हणे. पाठीमागे 'अर्धी' म्हणत. ठेंगणी, काटक, पांढरं पातळ, आणि डोळे असे की समोरच्याला आपल्या पदरावर काही सांडलंय की काय असं वाटावं. तिचा नवरा गलबतावर तांडेल होता. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी गेला. मूलबाळ नाही. घर, परडं आणि दोन दंड एवढीच तिची इस्टेट.

आणि ते दंड माझ्यासारखेच. किंबहुना माझी किसणी, तर तिचं कानस.

तिने म्हणे तरुणपणापासून त्यावर औषधं चालवली होती. पण कशी, तर फक्त डाव्या हातावर. उजव्याला पाण्याखेरीज काही लावायचं नाही. तो साक्षीदार. मी तिला पहिल्यांदा याचं कारण विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू सूर्य कुठून उगवतो ते विचारलं.

"दोनय हातांक लावलंय आणि बरां झालां, तर तां औषधान झालां काय देवान झालां, कसां कळतलां गो तुका?"

 

तिने काय काय लावून बघितलं नसेल! उकड्या तांदळाचा कोंडा, मसुरीचं पीठ आणि दुधाची साय, नारळाचा रस काढून उरलेला चोथा, कोरफड, तुळशीखालची माती, किनाऱ्यावरची बारीक वाळू. कोकमाच्या बियांचं तूप तर आम्हां सगळ्यांच्या घरी असायचंच, पायाच्या भेगांना. ते ती पणतीवर धरून पातळ करी आणि देवाला गंध लावावं तसं बोटाने एकेका दाण्याला लावी. मी लहान असताना एका पावसाळ्यात कुणी खलाशाने सांगितलं म्हणून तिने तारली माशाचं तेल लावलं, होड्यांच्या फळ्यांना चोपडतात ते. पुढचे पंधरा दिवस आळीतली सगळी मांजरं तिच्यामागून चालत होती. मागून म्हणजे डाव्या बाजूने. उजव्या बाजूला एक मांजर नव्हतं. काकीला त्याचा कोण आनंद! "बघलंस? मांजरांक पण फरक कळता!"

दंडापुरतं असतं तर लोकांनी 'अर्धी' नाव ठेवलं नसतं. तिने अख्खा संसारच दोन भागांत वाटला होता. परड्यातल्या दोन माडांपैकी एकाशी ती रोज सकाळी बोलायची, दुसऱ्याशी अक्षर नाही. तपकीर डाव्याच नाकपुडीत. देवापुढच्या समईत एक वात खोबरेलाची, एक उंडीच्या तेलाची. पापड अर्धे उन्हात, अर्धे पंख्याच्या वाऱ्यावर, आणि पंखा म्हणजे मी. दोन्ही गुडघे दुखायला लागले तेव्हा तिने देवळात नवस बोलायचं ठरवलं, पण एकाच गुडघ्याचा. गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराच्या उजव्या गुडघ्याक..." म्हणाला आणि अडला. हळूच विचारलं, "काकीनू, आणि डाव्याचां काय सांगू?"

"डाव्याचां देवाक काय्येक सांगू नको. तो साक्षीक आसा."

सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. त्या दिवशी अर्ध्यांच्या तोंडून ते हसण्यामुळे बाहेरच पडलं नाही.

पण तिचं खरं वेड म्हणजे परीक्षा. दारात आलेली कुठलीही बाई, मासेवाली असो, शेजारीण असो, शाळेतून आलेली पोर असो, काकी तिला पडवीत बसवायची, पोलक्याच्या बाह्या वर सारून दोन्ही दंड पुढे करायची आणि म्हणायची, "डोळे मिट. हात लाव. बरो चेपून बघ. आणि सांग, खयचो बरो?"

डोळे मिटायचे म्हणजे मिटायचेच. बोटांच्या फटीतून बघितलं तर परीक्षा पहिल्यापासून. आणि घाई चालायची नाही. मासेवालीची टोपली उन्हात, बांगडे मऊ पडताहेत, ती आपली काकीचे दोन्ही दंड धरून डोळे मिटून बसलेली, असं मी कितीदा बघितलं आहे. शेवटी सगळ्या म्हणायच्या, "डावो, काकी. डावो बरो." मग काकी समाधानाने मान हलवायची आणि प्रत्येकीच्या हातावर खाजं ठेवायची, गूळ-आल्याचं, जत्रेतलं, चिवट झालेलं.

मी तिची रोजची परीक्षक. शाळा सुटल्यावर माझा नंबर. माझे दंडही तसेच, म्हणून माझा निकाल तिला जास्त वजनाचा वाटे. मी डोळे मिटून, चेपून, तिला जरा ताटकळत ठेवून म्हणायची, "डावा." मला खरं म्हणजे फरक कधीच लागला नाही. पण खाजं लागायचं. दातांत दोन दोन दिवस लागायचं.

आता तुम्ही म्हणाल, नवरा नाही, मूल नाही, चार माणसांत मिरवणं नाही; मग दंड गुळगुळीत करून ही बाई दाखवणार होती कुणाला? हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. त्या वयात माणसाला स्वतःच्या दंडापलीकडचं काही दिसत नाही.

श्रावणाच्या तोंडावर कासार यायचा. आळीत पडवी मोठी काकीचीच, म्हणून तो तिथे बैठक मांडायचा. सगळ्या बायका भोवती. तो एकेकीचा हात धरून, दाबून, बोटं मिटवून काकणं चढवायचा, आणि बायका "अगो आवशी!" म्हणून ओरडायच्या आणि हसायच्या. काकी सगळ्यांना गूळपाणी द्यायची आणि मग आतल्या उंबऱ्यावर बसून बघत राहायची, दोन्ही हात पदराखाली. कासार उठून गेला, पडवी रिकामी झाली, की ती मला हाक मारायची, "ये गो बाय. डोळे मिट." त्या दिवशी खाजं दोन मिळायची. मला वाटायचं, सणाची म्हणून.

असो. तर माझ्या दंडांवर फोड आले होते, आणि पाहुणे रविवारी यायचे होते.

आई रडत होती. वडिलांना काही सांगायचं नाही असं ठरलं, कारण ते आधी ओरडले असते आणि मग आजारी पडले असते. काकीने विहिरीचं पाणी काढून धारेने माझे दंड धुतले, किती वेळ धुतले, आणि मऊ फडक्याने टिपून खोबरेलाची वाटी घेऊन बसली. डाव्या हाताला लावलं. हलकं, पिसासारखं. मग वाटी खाली ठेवली आणि माझ्या उजव्या हाताकडे बघत बसली.

आई ओरडलीच. "काकीनू! चेडवाचो हात आसा तो, परड्यातलो माड नाय!"

 काकीची बोटं वाटीच्या काठावर नुसती फिरत होती. मग तिने वाटी उचलली आणि माझ्या उजव्या दंडालाही तेल लावलं. मी तिच्या घरात राहिले त्या सगळ्या वर्षांत तिने दोन्ही बाजूंना एकच औषध केलेलं मी बघितलं ते तेवढंच. मी मात्र त्या वेळी एवढंच म्हणाले, "हळू गं काकी, चुरचुरतंय!" म्हटलं ना, कोंबडी बरी.

रविवारपर्यंत फोड बसले होते, पण दंड करपलेल्या भाकरीसारखे दिसत होते. काकीने ट्रंकेतून आपलं जुनं पोलकं काढलं, मनगटापर्यंत बाह्यांचं, कापराच्या वासाचं. ते घालून मी पाहुण्यांपुढे कोकमाचं सरबत घेऊन गेले. घामाच्या धारा. मुलगा, त्याचे आईवडील, तिघंही माझ्याकडे बघताहेत, आणि मी ताटलीतल्या पेल्यांकडे.

मुलाच्या आईने पेला घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "वैशाखात मनगटापर्यंत बाह्यो? चेडवाक हींव येता काय?"

झालं. एकीकडे खडबडीत दंड, दुसरीकडे हिवताप. आई गडबडली. "नाय नाय, तां आपलां... आता नवीन फॅशन आसा तशी."

"फॅशन खंयची?" दारातून आवाज आला. काकी. ती कधी चार पाहुण्यांसमोर येत नसे, शुभकार्यात तर नाहीच. आज पदर खोचून आली होती. "दंड झाकूक घातल्यान ह्यां पोलकां. तुमका दंड बघूचे आसत मा? दाखवतंय. पण पयले झिलाचे."

वडिलांनी डोळे मिटले. आईचा हात तोंडावर.

"झिलाचे कित्याक?" मुलाची आई.

"एकाच बाजूचां बघून निकाल करूचो नसता. दुसरी बाजू साक्षीक व्हयी." आणि काकी थेट मुलापुढे जाऊन बसली. "झिला, शर्टाची बाही वर कर."

मुलाने केली! पुढे मी त्यांना खूपदा विचारलं की तुम्ही ऐकलंत कसं. ते म्हणायचे, "मास्तर होतो. दिवसभर मुलांना हात पुढे कर म्हणायचो. कुणीतरी मला म्हणाल्यावर झाला हात पुढे."

काकीने डोळे मिटले. आधी एक दंड चेपला, मग दुसरा. घाई चालायची नाहीच.  माडावर कावळा ओरडत होता; तो न बोललेल्या माडावर होता की बोललेल्या, तेवढं फक्त आठवत नाही.

"अरे देवा म्हाराजा!" काकीने डोळे उघडले. "दोनय हात किसणी! ह्येच्या घरात खोबरां खवूक आदोळी कशाक व्हयी?"

मुलाला असं हसू फुटलं की सरबत नाकात गेलं. त्याच्या आईचा चेहरा कोकमासारखा झाला. ती इकडे तिकडे बघत पुटपुटली, "तेच्या बापाचे पण तसेच..." आणि बापाने दचकून आपले हात उपरण्याखाली घेतले.

"आता चेडवाचे," काकी म्हणाली.

मी बाह्या वर केल्या. ते बघून कुणीच हसलं नाही. मुलाच्या आईने विचारलं, "ह्यां काय गो झालां?"

काय सांगणार? मी रडत रडत, आणि जरा रागानेही, खरं ते सांगून टाकलं. "काजूचा चीक लावला. गुळगुळीत व्हायला. तुम्ही येणार म्हणून."

ती बाई उठली. मला वाटलं, चालली. ती माझ्यापुढे येऊन बसली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "अगो पिशे! आमका सून व्हयी. सोललेलो काजूगर कोणी मागलो?"

जमलं ते असं. निघताना मुलगा पायरीवरून मागे वळून काकीला म्हणाला, "काकी, ह्याच्यावर औषध काय ते तर सांगा."

"आंघोळ झाल्यार, आंग ओलां आसताना, खोबरेल लाव. घासू नको. आणि एकाच हाताक!"

त्यांनी हे व्रत जन्मभर पाळलं, पण लबाडीने. दोन्ही हातांना लावायचे. मीही लावत गेले. दोघांचेही दंड वय वाढत गेलं तसे निवळले. तेलाने की वयाने, ते मात्र सांगता येत नाही, कारण आम्ही साक्षीदार ठेवला नव्हता. परवा नात आली, दंडावर हात चोळत म्हणाली, "आजी, हे बघ ना, काहीतरी घरगुती सांग." डबीभर मलम आणलं होतं तिने, वासाचं. मी म्हटलं, लाव, पण एकाच हाताला. तिला वाटलं म्हातारी कंजूष झाली.

लग्न मार्गशीर्षात झालं. काकी मांडवात आली नाही. चुडा भरायच्या दिवशीही उंबऱ्यावरच होती. पुढच्या वैशाखात मी पहिल्या माहेरपणाला आले तेव्हा आळीत पुन्हा ओले काजू यायला लागले होते, आणि काकी पडवीत खांबाला टेकून बसली होती. बारीक झाली होती. पोलक्याची बाही आता दंडावर सैल पडत होती.

"इलंस? बस. डोळे मिट."

मी बसले. डोळे मिटले. तिचे दोन्ही दंड हातात घेतले. नवी सासुरवाशीण, नवं शहाणपण. मनात आलं, ह्या बाईने माझ्यासाठी भर पडवीत परक्या मुलाचा हात धरला, आपण मात्र हिला इतकी वर्षं खाज्यासाठी खोटं सांगत आलो. आता मोठ्या झालो, आता खरं बोलावं. काय तो माझा थोरपणा! म्हातारीचं जन्मभराचं शास्त्र मोडून टाकायला निघाले होते, आणि तेही आपण उपकार फेडतो आहोत अशा समजुतीने.

मी म्हटलं, "काकी, खरं सांगू? दोन्ही सारखेच आहेत. पहिल्यापासून सारखेच होते. मला कधी फरक लागलाच नाही."

तिने दंड काढून घेतले नाहीत. मी डोळे उघडले तर ती हसत होती, दात नसलेलं, मिश्कील. माझे हात होते तिथेच तिने आपल्या हातांनी दाबून धरले आणि म्हणाली,

"माका म्हायत नाय तां? कितकीतरी वर्सां झाली गो, मी काय्येक लावूक नाय. पण तसां सांगलंय तर माझो हात धरतलो कोण?"